एकोणीस नंबरचं पुस्तक

त्या दुकानात कुठलं पुस्तक ठेवायचं आणि कुठलं परत पाठवायचं, हे दुकानाची मालकीण ठरवत नसे. ते तीन मुलं ठरवत.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला औषधवाला. शिंप्याच्या मशीनची खडखड दिवसभर भिंतीतून यायची आणि खाली बसून वाचणाऱ्या मुलांचे पाय नकळत त्या तालावर हलायचे. पुस्तकं फक्त मुलांची. मोठ्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं, तर मालकीण "पुढच्या चौकात विचारा" म्हणून मोकळी व्हायची. मुलं तिला काकू म्हणत. घरात बहिणी दोघीच, म्हणून ही थोरली. आणि दुकानाच्या वरच्या खोलीत, खिडकीशी पलंगावर असायची ती धाकटी.

पंचांची पद्धत थोरलीची. दर तीन महिन्यांनी तीन पंच नेमायचे. आलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाच्या तीन प्रती ती खाकी कागदात गुंडाळायची, लेखकाचं नाव असेल तिथे कागद चिकटवायची आणि वर नुसता नंबर घालायची. पंच ते घरी न्यायचे, वाचायचे, आणि एकेक कागद लिहून आणायचे. तिघांपैकी दोघं ‘हो’ म्हणाले, की पुस्तक कप्प्यात. आत पहिल्या पानावर चिठ्ठी, ‘आम्ही वाचलं, आम्हाला आवडलं,’ आणि खाली पंचांच्या सह्या, टोपणनावांच्या. ‘नाही’ म्हणाले, तर पंचांनी यादीतला नंबर खोडायचा आणि पुस्तक आलं तसं परत. मग ते कितीही बड्या प्रकाशकाचं असो.

एका बड्या प्रकाशकाचा माणूस गुळगुळीत पानांचं पुस्तक परत घ्यायला आला, तेव्हा चांगलाच तापला होता.

"काकू, तीन पोरांच्या जांभयांवर धंदा करता होय तुम्ही?"

"तुमच्या जांभयांवर केला असता हो," थोरली म्हणाली. "पण तुम्ही वाचता कुठे?"

जांभयांचं मात्र त्याने अगदी बरोबर सांगितलं होतं. सध्याच्या पंचांत एकाचं नावच जांभई होतं. वय नऊ. पहिली जांभई कितव्या पानाला आली, हे तो इमानेइतबारे लिहून आणायचा. दुसरा चष्मिस, बारा वर्षांचा, पुस्तकातल्या चुका पेन्सिलने सुधारल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. तिसरी दहा वर्षांची शंकासूर. "पण का?" हा तिचा प्रश्न घरी आणि शाळेत सगळ्यांना नकोसा झाला होता आणि सगळ्यांनी तिला गप्प बसायला सांगून झालं होतं. इथे त्या ‘पण का?’ला कागद मिळाला. जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक तिच्या ‘नाही’मुळे परत गेलं, त्या दिवशी ती दुकानातून घरी निघाली ती अगदी सावकाश, डोक्यावर काहीतरी भरलेलं ठेवल्यासारखी.

वरच्या खोलीतल्या धाकटीने शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं दाखले लिहिले होते. नोकरीवर जायच्या आधी, पहाटेच्या तासाभरात, आठ वर्षं खपून तिने मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. ते छापून येईपर्यंत तिची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी ‘थकली’ हाच शब्द वापरला होता, जणू चार दिवस सुट्टी दिली की पुन्हा कामाला लागतील. नंतर दाराबाहेर थोरलीला त्यांनी सांगितलं, की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. पलंगाशी हवेचं मशीन आलं. नाकाला नळी लागली. आणि मग छापखान्यातून पुस्तकांचं खोकं आलं.

थोरलीने ते कप्प्यात कुठे मांडायचं याची जागाही ठरवली होती. धाकटी ऐकेना.

"एकोणीस नंबर लाव आणि दे पोरांना."

"अगं, तुला कशाला नंबर?"

"तुझी बहीण म्हणून कप्प्यात नाही बसायचं मला. पोरांनी हो म्हटलं तर ते पुस्तक, ताई. नाहीतर रद्दी."

"काय बोलतेस!"

"सव्वीस वर्षं रद्दी बघितलीय मी. ओळखता येते मला." एवढं बोलून ती दमली, आणि दमली तरी हसली. "आणि त्यांना माझं नाव सांगायचं नाही. शप्पथ."

थोरलीने तीन प्रती खाकी कागदात गुंडाळल्या. एकोणीस नंबर घातला. पुस्तक तिने आधीच वाचलं होतं आणि "फार गोड झालंय" असं सांगितलंही होतं.

आठ दिवसांनी कागद आले.

जांभईने लिहिलं होतं, ‘पहिली जांभई पान ९. दुसरी पान १०. मग मोजायचं सोडलं. पान ३१ ला झोपलो. आईने उठवलं. नाही.’

चष्मिसचं अक्षर टाईप केल्यासारखं. ‘चुका दोनच आहेत. पण या घरात कुणाचंच काही बिघडत नाही. दूध सांडलं तरी आई हसते. आमच्या घरी या आणि सांडून बघा. नाही.’

शंकासूरचा कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. ‘या घरात कुणी कधी रागवत नाही. असं घर नसतं. असलं तरी मला तिथे करमणार नाही. पण पान ४४ खरं आहे. तिथे ती मुलगी जिन्यात बसून बाबांची पावलं ऐकते आणि मोजते. बाबा येणार म्हणून खूश असलेली मुलगी पावलं मोजत बसत नाही, पळत जाते. ती घाबरली आहे. पण का? पान ४५ वर एकदम पाहुणे येतात आणि सगळे झोके घेतात. मधलं पान कुठे गेलं? लिहिणाऱ्याने काढून टाकलं असं मला वाटतं. लिहिणाऱ्याचा आमच्यावर विश्वास नाही. नाही.’ आणि खाली पेन्सिल दाबून आणखी एकदा, ‘नाही.’

थोरलीने हा कागद उभ्यानेच वाचायला घेतला होता. वाचून संपला तेव्हा ती मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसली होती, आणि कधी बसली ते तिला आठवेना.

वर गेली, तर धाकटी उशीला टेकून बसलेली. केस विंचरलेले. शेजारच्या बाईंकडून विंचरून घेतले असणार, तिला स्वतःला हात वर करवत नव्हते.

"पोरं येऊन गेली ना? आवाज ऐकला मी. सांग की! दोन हो, का तीन?"

हो का नाही, असं तिने विचारलंच नाही. तसं विचारलं असतं तर कदाचित थोरलीने खरं सांगितलं असतं.

"तीन," थोरली म्हणाली.

"तीन!" धाकटीने डोळे मिटून घेतले. "आणि जांभई?"

"एकदाही नाही."

"आणि ती शंकासूर? तिचा कागद वाच ना गं."

"तो... चष्मिस घेऊन गेलाय. नक्कल करायला."

एका खोट्याला तीन पिल्लं झाली, आणि धाकटी मात्र खूप दिवसांनी खळखळून हसली. हसता हसता तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत थोरली तिची पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी वीस प्रती कप्प्यात लागल्या, मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा. चिठ्ठ्या थोरलीने लिहिल्या. सह्याही तिनेच केल्या. शंकासूर आपल्या सहीतल्या ‘सू’ला एक शेपटी काढायची, थोरलीने तीसुद्धा काढली. वीस वेळा. एक प्रत वर नेऊन तिने धाकटीच्या मांडीवर ठेवली. धाकटी त्या चिठ्ठीवरून बोट फिरवत बसली. दुपारी झोपली तेव्हा पुस्तक तिच्या कुशीत होतं.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर शंकासूर आली, कप्प्यापुढे थबकली, पुस्तक काढून चाळलं आणि गल्ल्यापाशी घेऊन आली.

"काकू, हे एकोणीस नंबरचं ना?"

थोरली गल्ल्यातली नाणी लावू लागली.

"पान चव्वेचाळीस बघितलं मी. तेच आहे." तिने पहिलं पान उघडलं. "आणि ही सही माझी नाही. मी शेपटी आत वळवते. ही बाहेर वळलीय."

"अगं..."

"मी नाही म्हटलं होतं. दोनदा लिहिलं होतं."

"हो."

"मग?"

आणि मग थोरलीच्या तोंडून असं एक वाक्य गेलं, जे त्या दुकानात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. "काही गोष्टी लहानपणी कळत नाहीत, बाळा."

मुलीचे कान लाल झाले. "शाळेत पण हेच सांगतात," ती म्हणाली, पुस्तक गल्ल्यावर ठेवलं, आणि निघून गेली. कप्प्यात परत ठेवलं नाही, गल्ल्यावर ठेवलं. थोरलीला ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही आली. चष्मिसने चष्मा काढून शर्टाला पुसला. "काकू, जुन्या कागदांची फाईल दाखवा."

"कशाला रे?"

"बाकीच्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत का बघायच्यात."

नाही कसं म्हणणार? दोन दुपारी ती तिघं जमिनीवर पुस्तकांचे ढीग लावून बसली. एकेक पुस्तक काढायचं, चिठ्ठीवरच्या सह्या बघायच्या, फाईलमधला कागद शोधायचा, ताडून बघायचं, परत ठेवायचं. कुणी कुणाशी बोलेना. जांभईसुद्धा जांभई देईना. दुसरी गिऱ्हाइकं दारातून डोकावून परत जात होती. थोरली गल्ल्यामागे झडती चालू असल्यासारखी उभी होती. ज्यांच्या चिठ्ठ्या ती तिघं तपासत होती ती मुलं आता दाढी करायच्या वयाची झाली होती, कुणाकुणाची लग्नं झाली होती, आणि त्यांची वेडीवाकडी टोपणनावं एकापाठोपाठ एक खरी निघत होती.

"बाकी सगळ्या बरोबर आहेत," शेवटी चष्मिस म्हणाला. "एवढी एकच खोटी."

"मग मला मोजायला कशाला लावलं?" जांभई म्हणाला. "मी झोप आली तरी पान नंबर लिहून ठेवतो."

तेव्हा थोरलीने सांगितलं. की ते पुस्तक तिच्या बहिणीचं आहे. ती वरच राहते, फार आजारी आहे, बरी होणार नाही.

मुलं वर छताकडे बघू लागली. हवेच्या मशीनची घरघर लक्ष देऊन ऐकलं तर ऐकू येत होती.

"त्यांना माहितीय?" शंकासूरने विचारलं.

"बरी होणार नाही ते? हो."

"ते नाही. आम्ही नाही म्हटलं ते."

"नाही."

"मग तुम्ही त्यांना पण फसवलंत."

थोरलीने त्याच संध्याकाळी प्रती खोक्यात भरल्या आणि शंकासूरचा कागद घेऊन वर गेली. काही प्रस्तावना न करता तिने तो वाचून दाखवला, दोन्ही बाजू, खालच्या जास्तीच्या ‘नाही’सकट. बाकीच्या दोघांचंही सांगितलं. धाकटी डोळे मिटून ऐकत होती.

"मधल्या पानाचं परत वाच."

थोरलीने वाचलं.

धाकटीने कुशीतलं पुस्तक उघडलं. नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला, हळूहळू सोलून काढली आणि बहिणीपुढे धरली. "हे घे. खोटा दाखला आहे हा. सव्वीस वर्षांत एकाला खोटा दाखला दिला नाही मी. आणि तू मला दिलास."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते माहितीय मला." तिने तोंड भिंतीकडे केलं. बऱ्याच वेळाने तिकडूनच आवाज आला. "त्या पोरीला बोलाव."

शंकासूर आली ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. आईने तिला ‘आजारी माणसाला प्रश्न विचारून दमवू नकोस’ अशी तंबी देऊन पाठवलं होतं, हे तिच्या आवळलेल्या ओठांवरून दिसत होतं. मिनिटभर तिने ती पाळली.

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"हो."

"खूप?"

"खूप गं."

"मला वाटलं लिहिणारे कुठेतरी लांब राहतात."

"कधीकधी माडीवर राहतात," धाकटी म्हणाली.

मुलगी हसणार होती, पण नळीकडे बघून थांबली. "मधलं पान होतं का?"

"सात पानं होती. फाडली."

"पण का?"

धाकटीने पाण्याकडे बोट केलं. थोरली दारात पेला घेऊन उभी होती, तिने पाणी पाजलं आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. धाकटी तुकड्यातुकड्याने बोलू लागली, मध्ये मशीनला बोलू देत. बाबांची पावलं दोन तऱ्हेची असायची. सरळ पडत आली, तर काही नाही, जेवायचं, झोपायचं. एक पाय घासत आला, तर त्या रात्री घरात जे हाताला लागेल ते उडायचं. माणसंसुद्धा. आई संध्याकाळच्या पाळीला असायची. म्हणून जिन्यात बसून आधीच ओळखावं लागायचं.

"तुम्ही एकट्याच होतात?"

"नाही. ताई होती."

"काकू?" मुलगी दाराकडे वळली, मग पुन्हा पलंगाकडे. "मग पुस्तकात त्या कुठे आहेत? तिथे तर ती मुलगी एकटीच आहे."

"ताई अभ्यास करायची," धाकटी घाईने म्हणाली. "मोठी होती ना. परीक्षा असायची तिची."

"रोज?"

धाकटीने नाकाची नळी सारखी केली.

"आळीपाळीने का नाही बसलात?"

धाकटी काही बोलायला गेली आणि खोकला आला. थोरलीच्या हातातला पेला रिकामा होता, तरी ती तो दोन्ही हातांनी धरून होती.

"अभ्यास नव्हता," ती म्हणाली. "मी आतल्या खोलीत गोष्टीची पुस्तकं वाचत बसायचे. हिला मीच जिन्यात बसवायचे. सांगायचे, घासत आले की पळत येऊन सांग. मी बारा वर्षांची होते. ही सहा."

"आणि त्या पळत यायच्या?"

"यायची."

"मग?"

"मग मी मागच्या दाराने शेजाऱ्यांकडे जायचे."

"आणि त्या?"

धाकटीनेच सांगितलं, चादरीचं टोक सारखं करत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "माझे पाय लहान होते. मागच्या दारापर्यंत पोचायचे नाहीत तेवढ्यात."

मुलीने थोरलीकडे बघितलं नाही, आणि थोरलीला वाटलं की आता ही पोर माझ्याकडे पूर्वीसारखं कधीच बघणार नाही.

"हे लिहायला हवं होतं," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मग मी हो म्हटलं असतं." थोडं थांबून तिने प्रामाणिकपणे भर घातली, "जांभईचं सांगता येत नाही."

ती गेल्यावर खोलीत मशीन तेवढं चालू राहिलं. थोरली पलंगाच्या कडेवर येऊन टेकली.

"माझ्यासाठी फाडलीस तू."

"पोरांचं दुकान चालवतेस. तुझ्याबद्दल काय वाटलं असतं त्यांना?"

"मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हाच कळलं होतं मला, तू गाळलंयस ते." थोरलीचा आवाज अगदी खाली गेला. "आणि मला बरं वाटलं गं."

थोरलीने तिचा हात हातात घेतला, तो तिने काढून घेतला नाही. धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली पंचांना देतात तसले कोरे कागद आणि पेन्सिल घेऊन वर गेली. "तू सांग, मी लिहून घेते. सातच पानं तर आहेत." धाकटीने खूप वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मान डोलावली.

ती सांगू लागली. दोन वाक्यं झाली की थांबायचं, नळी सारखी करायची, पुढचं वाक्य जुळेपर्यंत वाट बघायची. एखाद्या दिवशी तीन ओळी व्हायच्या, एखाद्या दिवशी एकही नाही. शंकासूर शाळेतून येताना खालूनच विचारायची, "किती झालं?" आणि थोरली सांगायची, "अर्धं पान." चष्मिसने बाकीच्या दोघांशी बोलून यादीतला एकोणीस नंबर अजून खोडायचा नाही असं ठरवलं होतं.

जिना आला, पावलं आली. ‘ताई आत वाचत होती,’ असं धाकटीने सांगितलं आणि ती बहिणीकडे बघत राहिली. थोरलीने ते लिहिलं, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते वाक्य परत वाचून दाखवलं. मग पुढचं, ‘मी पळत जाऊन सांगितलं. ताईने पुस्तकात बोट घातलं, पुस्तक मिटलं, आणि मागचं दार उघडलं.’

"पुढे?" थोरलीने विचारलं.

"उद्या," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला बोलता आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे, जी तिची लिहायची वेळ होती त्या वेळेला, ती गेली.

पंधरा दिवस दुकान बंद होतं. मग उघडलं. पंच आले. तिघंही गल्ल्यापाशी उभी राहिली, आणि कुणी विचारायच्या आत थोरलीने कागद त्यांच्यासमोर ठेवले. दीड पान. त्यांनी ते डोक्याला डोकी लावून वाचलं.

"इथेच संपतं?" चष्मिसने विचारलं.

"हो."

"मग तुम्ही लिहा ना पुढचं," शंकासूर म्हणाली. "तुम्ही तर तिथेच होतात."

थोरलीने किती दिवस तेच करून बघितलं होतं. पेन्सिल घेऊन बसायची. जिना आठवायचा, दार आठवायचं, कडीचा थंडपणासुद्धा बोटांना आठवायचा. शेजाऱ्यांच्या घरातला दिवा आठवायचा, त्या दिव्याखाली बोट काढून पुन्हा उघडलेलं पान आठवायचं.

"नव्हते मी तिथे," ती म्हणाली. "दार ओढून घेतल्यावर आत काय व्हायचं, ते फक्त तिला माहीत होतं. मी कधी विचारलं नाही."

शंकासूरने पेन्सिल उचलली, थोरलीकडे एकदा बघितलं, आणि यादीतला एकोणीस नंबर खोडला.